दुसरा मॉनिटर जोडला की संगणक का रेंगाळतो? या तक्रारीमागचा इतिहास

दुसरा मॉनिटर जोडल्यापासून विंडो ओढताना तुटक सरकते, एका स्क्रीनवर व्हिडिओ लावला की दुसरीवरचा गेम झटके खातो, माउस मागे राहतो. अशा वेळी बहुतेक जण रॅम वाढवायला नाहीतर विंडोज नव्याने टाकायला घेतात, आणि दुखणे तसेच राहते. दोन मॉनिटरची सोय संगणकात एकदम आली नाही. आधीच्या रचनेला दरवेळी एक ठिगळ लावत ती वाढली. आजच्या कुरबुरी कुठून येतात ते त्या क्रमातूनच कळते.

१९८१च्या आयबीएम पीसीसाठी एक एकरंगी आणि एक रंगीत अशी दोन डिस्प्ले कार्डे मिळत. दोघांचे मेमरीतले पत्ते वेगळे असल्यामुळे ती एकाच यंत्रात बसवता येत. प्रोग्रामर त्याचा छान उपयोग करत: रंगीत मॉनिटरवर प्रोग्राम चालू आणि एकरंगीवर डीबगर (चुका शोधायचे साधन) उघडा. पण तेव्हा दोन मॉनिटर मिळून एक सलग डेस्कटॉप होत नसे. ती सोय ॲपलच्या १९८७च्या मॅकिंटॉश टूमध्ये आली. तिथे प्रत्येक मॉनिटरला स्वतंत्र कार्ड लावावे लागे. विंडोजला इथवर यायला ९८ ही आवृत्ती उजाडली. तिच्यात नऊ मॉनिटरपर्यंतची तरतूद होती.

१९९९मध्ये मॅट्रॉक्स या कंपनीने जी४०० ग्राफिक्स कार्डात एकाच चिपवर दोन मॉनिटर चालवून दाखवले. इतरही त्याच वाटेने गेले. माझ्या मते या कहाणीतले खरे वळण हेच. आता दोन्ही मॉनिटर एकाच चिपच्या आणि एकाच मेमरीच्या जिवावर चालू लागले. फुल एचडी स्क्रीनचे एक चित्र सुमारे ८ एमबीचे असते. ते सेकंदाला ६० वेळा मॉनिटरकडे पाठवायचे म्हणजे मेमरीतून सेकंदाला जवळपास ५०० एमबी वाचावे लागतात. फोर-के असेल तर चौपट, म्हणजे सुमारे २ जीबी. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाला हे जाणवतही नाही. पण प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मुख्य रॅमच वापरावी लागते, आणि रॅमची एकच पट्टी असेल तर वाट निम्मी अरुंद होते. अशा यंत्रात ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या उजव्या ठरतात. रॅमचा सल्ला लागू पडतो तो इथे, आणि तोही पट्ट्यांच्या संख्येबाबत.

पुढचा मोठा बदल विंडोज व्हिस्टाने केला. तोवर प्रोग्राम थेट स्क्रीनवर चित्र काढत. व्हिस्टापासून प्रत्येक विंडो आधी मेमरीत तयार होऊ लागली, आणि डेस्कटॉप विंडो मॅनेजर ती सगळी चित्रे जुळवून स्क्रीनवर मांडू लागला. ओढताना विंडो मागे सोडायची ते पांढरे ठसे त्यामुळे गेले. मात्र ही जुळवाजुळव एकाच ठेक्यावर चाले. सगळे मॉनिटर ६० हर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारे, होते तोवर कुणाला काही खटकले नाही. १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन जुना ६०चा शेजारी ठेवणारे वाढले, तेव्हा हा दोष उघडा पडला. १४४ला ६०ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे ६०वाल्या मॉनिटरवर काही हलते असले की दुसऱ्यावरच्या फ्रेम अडखळत. वेगवान मॉनिटर १२०वर आणून ठेवण्याचा तोडगा त्यातूनच निघाला. मे २०२०मध्ये आलेल्या विंडोज १०च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीत ही जुळवणी बरीच सुधारली. त्याहून जुनी आवृत्ती वापरत असाल, तर आधी ती बदला.

यूएसबीवरून मॉनिटर जोडण्याची गोष्ट निराळी. ६० हर्ट्झच्या फुल एचडी चित्राला सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट लागतात, आणि यूएसबी २.०ची कमाल क्षमता ४८० मेगाबिट. म्हणून डिस्प्लेलिंकसारख्या पद्धतीत चित्र आधी प्रोसेसरकडून दाबून (कॉम्प्रेस करून) घेतात आणि मग केबलमधून पाठवतात. अशा डॉकवरच्या (यूएसबीला लावून मॉनिटर जोडायच्या डब्यावरच्या) मॉनिटरवर व्हिडिओ लावून टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेसरचा आकडा चढताना दिसेल. यूएसबी-सीमधून थेट डिस्प्लेपोर्टचा सिग्नल नेणाऱ्या डॉकमध्ये हा भार नसतो. पंचाईत अशी की बाहेरून दोन्ही डॉक सारखेच दिसतात.

फोर-के मॉनिटरवर माउस जड वाटत असेल, तर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट पाहा. एचडीएमआय १.४ फोर-केला ३० हर्ट्झच्या वर जाऊ देत नाही. ६० हर्ट्झ २०१३च्या २.० आवृत्तीपासून मिळू लागले. जुना पोर्ट किंवा अडॅप्टर मधे असेल तर संगणक कितीही तगडा असो, चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलणार.

लॅपटॉपमध्ये आणखी एक गुंता आहे. एनव्हिडियाच्या २०१०मधल्या ऑप्टिमस तंत्रापासून दोन ग्राफिक्स चिप वाटून काम करतात: मोठी (स्वतंत्र) चित्र काढते, आणि ते छोटीच्या (प्रोसेसरमधल्या चिपच्या) मेमरीत उतरवून मग मॉनिटरला मिळते. बाहेरचा एचडीएमआय पोर्ट यातल्या कोणत्या चिपला जोडायचा हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते, म्हणून कागदावर सारखे असलेले दोन लॅपटॉप दुसऱ्या मॉनिटरवर वेगळे वागतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये फिजएक्सच्या पानावर कोणता मॉनिटर कोणत्या चिपवर चालतो याची आकृती असते. पोर्ट छोट्या चिपवर निघाला, तर यूएसबी-सीचा पोर्ट मोठीला जोडलेला आहे का, हे मॉनिटर तिथे लावून त्याच आकृतीत लगेच तपासता येते.