फ्रान्सचे राष्ट्राध्यक्षपद

फ्रेंच प्रजासत्ताकाच्या प्रमुखाचे पद. फ्रान्समध्ये आतापर्यंत पाच प्रजासत्ताके झाली. त्यांपैकी पहिल्यात (१७९२–१८०४) हे पद नव्हतेच. राजा हटवल्यावर पुन्हा एकाच माणसाला वर बसवायला क्रांतिकारक तयार नव्हते. सत्ता आधी प्रतिनिधिसभेकडे, मग पाच संचालकांच्या मंडळाकडे राहिली आणि अखेर नेपोलियनने ती बळकावली.

१८४८ साली दुसरे प्रजासत्ताक आले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष असावा का आणि त्याला कोणी निवडावे, यावर संविधानसभेत कसून वाद झाला. जुरा प्रांताचे प्रतिनिधी झ्यूल ग्रेव्ही यांनी थेट निवडणुकीला विरोध केला. लाखो मतांच्या बळावर निवडून आलेला, एखाद्या जुन्या राजघराण्यातला महत्त्वाकांक्षी माणूस प्रजासत्ताक उलथवणार नाही याची हमी कोण देणार, हा त्यांचा सवाल होता. कवी लामार्तीन यांनी जनतेवर विश्वास टाकण्याचा आग्रह धरला. सभेने त्यांचे ऐकले. डिसेंबरच्या निवडणुकीत स्वतः लामार्तीन यांना २५ हजार मतेही मिळाली नाहीत. नेपोलियनचा पुतण्या लुई-नेपोलियन सुमारे ५४ लाख मतांनी निवडून आला. पुन्हा उभे राहण्यास संविधानाची आडकाठी होती, म्हणून २ डिसेंबर १८५१ रोजी त्याने सभा बरखास्त केली आणि वर्षभरात तो सम्राट झाला. ग्रेव्हींची भीती अक्षरशः खरी ठरली.

या अनुभवाचा धसका फ्रान्सने शतकाहून अधिक काळ घेतला. प्रशियाशी झालेल्या युद्धात सेदाँ येथे या सम्राटाचा पराभव झाल्यानंतर सप्टेंबर १८७० मध्ये तिसरे प्रजासत्ताक घोषित झाले खरे, पण पुढच्याच वर्षी निवडून आलेल्या सभेत बहुमत राजसत्तावाद्यांचे होते. गादीचा वारस शांबोरचा काउंट क्रांतीचा तिरंगी झेंडा स्वीकारायला तयार होईना. तो मार्गी लागेपर्यंतची सोय म्हणून १८७३ मध्ये मार्शल माक-माओं यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून सात वर्षांची मुदत देण्यात आली. फ्रेंच अध्यक्षांची पुढे सव्वाशे वर्षे टिकलेली सात वर्षांची कारकीर्द मुळात राजाची वाट पाहण्यासाठी ठरली होती, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जानेवारी १८७५ मध्ये, अध्यक्षाची निवड दोन्ही सभागृहांनी मिळून करावी, ही दुरुस्ती ३५३ विरुद्ध ३५२ मतांनी, म्हणजे केवळ एका मताने मंजूर झाली.

१८७७ मध्ये माक-माओं यांनी प्रजासत्ताकवादी प्रतिनिधिसभा बरखास्त केली. मतदारांनी पुन्हा प्रजासत्ताकवाद्यांनाच बहुमत दिले. दोन वर्षांनी माक-माओं यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी आले तेच झ्यूल ग्रेव्ही. राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आपण कधीही झगडणार नाही, असे त्यांनी संसदेला कळवले. पुढे १९४० पर्यंत एकाही अध्यक्षाने प्रतिनिधिसभा बरखास्त केली नाही. १८४८ साली मतदानात हरलेला विचार असा प्रथेच्या वाटेने जिंकला.

चौथ्या प्रजासत्ताकातही (१९४६–१९५८) अध्यक्ष दुबळाच होता, आणि सरकारे तर महिन्यांच्या हिशेबाने पडत. फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरियात झालेल्या बंडाळीमुळे १९५८ मध्ये सत्तेवर आलेल्या शार्ल द गोल यांनी पाचव्या प्रजासत्ताकात हा तोल उलटा केला. पंतप्रधानाची नेमणूक, सभा बरखास्त करणे आणि आणीबाणीचे विशेषाधिकार अध्यक्षाकडे आले. द गोल यांची पहिली निवड मात्र सुमारे ८० हजार लोकप्रतिनिधींच्या मतदारमंडळाने केली. १९६२ मध्ये त्यांनी थेट निवडणुकीचा प्रस्ताव संसदेला डावलून सार्वमताला टाकला. चिडलेल्या सभेने पंतप्रधान पाँपिदू यांच्या सरकारवर अविश्वास ठराव मंजूर केला, पण सार्वमतात सुमारे ६२ टक्के मते द गोल यांच्या बाजूने पडली. १९६५ मध्ये, म्हणजे लुई-नेपोलियननंतर ११७ वर्षांनी, फ्रेंच जनतेने पुन्हा स्वतः अध्यक्ष निवडला.

अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभेतले बहुमत दुसऱ्याचे, असे ‘सहवासा’चे प्रसंग १९८६ पासून तीनदा आले. अशा वेळी देशांतर्गत कारभार पंतप्रधानाच्या हाती जातो. हे टाळण्यासाठी २००० मध्ये अध्यक्षाची मुदत पाच वर्षांवर आणली गेली, आणि २००८ पासून सलग दोनच कारकिर्दींची मर्यादा आहे. जून २०२४ मध्ये अध्यक्ष एमान्युएल माक्राँ यांनी सभा बरखास्त केल्यावर कोणालाच बहुमत मिळाले नाही. त्याच डिसेंबरमध्ये पंतप्रधान मिशेल बार्निये यांचे सरकार अविश्वास ठरावाने पडले. १९६२ नंतर असे प्रथमच घडले.