रोजितो

रोजितो : दिवंगत पोपचे जीवन व कारकीर्द थोडक्यात नोंदवणारा लॅटिन दस्त. शवपेटी बंद करण्यापूर्वी तो देहापुढे मोठ्याने वाचतात, उपस्थितांपैकी काही जण त्यावर सह्या करतात आणि मग तो धातूच्या नळीत घालून देहासोबत पेटीत ठेवला जातो. त्याची एक प्रत व्हॅटिकनच्या दप्तरी राहते.

हा शब्द मुळात नोटरीच्या कचेरीतला. इटलीत आजही घराची खरेदी नोटरीपुढे पक्की होते, तेव्हा होणाऱ्या खताला रोजितोच म्हणतात. त्यामुळे श्रद्धांजलीसारख्या वाटणाऱ्या या मजकुराचा पिंड साक्षीपत्राचा आहे. हा देह कोणाचा, तो माणूस कधी जन्मला, किती वाजता वारला, त्याने काय केले, हे साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवायचे. आपल्याकडच्या शिलालेखांतील प्रशस्तीशी त्याचे नाते लावता येईल. फरक एवढाच की प्रशस्ती येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी म्हणून कोरलेली असते आणि हा लेख एकदा वाचून पुरला जातो.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरनंतरच्या सोमवारी, वयाच्या ८८व्या वर्षी निवर्तले. व्हॅटिकनमधील संत पेत्राच्या महामंदिरात तीन दिवसांत अडीच लाखांवर लोकांनी त्यांचे अंत्यदर्शन घेतले. २५ एप्रिलच्या संध्याकाळी दर्शन थांबल्यावर कॅमरलेंगो, म्हणजे पोपपद रिक्त असताना कारभार पाहणारे कार्डिनल, केव्हिन फॅरेल यांच्या देखरेखीखाली पेटी बंद करण्याचा विधी झाला. पोपच्या उपासनाविधींचे प्रमुख आर्चबिशप दिएगो रावेल्ली यांनी रोजितो वाचला. नंतर चेहऱ्यावर पांढरे रेशमी वस्त्र पसरण्यात आले, पवित्र पाणी शिंपडले गेले आणि कारकिर्दीत पाडलेल्या नाण्यांची व पदकांची थैली रोजितोसह पेटीत ठेवण्यात आली. आतले जस्ताचे झाकण डाख देऊन बंद केले गेले व त्यावर मोहरा उमटल्या. पूर्वी पोपसाठी एकात एक अशा तीन पेट्या असत. फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये अंत्यविधीची पोथीच सुधारून जस्ताचे अस्तर असलेली एकच लाकडी पेटी पुरेशी ठरवली होती. स्वतःच्या मर्तिकाचा खर्च आणि थाट आधीच कमी करून ठेवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची ही रीत आपल्या घरांतही ओळखीची आहे.

त्यांच्या रोजितोचे शीर्षक ‘निधन, देह ठेवणे व दफन’ अशा अर्थाचे, कोरडे आहे. आतला मजकूर मात्र तसा नाही. ब्युनोस आयर्समधला जन्म (१७ डिसेंबर १९३६), इटलीतल्या पिमाँतेहून आलेले कुटुंब, रेल्वेत हिशेबनीस असलेले वडील, रसायन तंत्रज्ञाचे शिक्षण, १९५८ मध्ये येशूसंघातील (जेझुइट धर्मगुरूंच्या संघातील) प्रवेश, १९६९ मध्ये धर्मगुरुदीक्षा असा क्रम लागतो, आणि मग एक घरगुती तपशील डोकावतो : आर्चबिशप असताना हा माणूस मेट्रोने व बसने फिरे, सदनिकेत राही आणि रात्रीचे जेवण स्वतः बनवी, कारण आपण सामान्यांपैकीच एक आहोत असे त्याला वाटे. पोप झाल्यावर माणसांच्या सहवासाशिवाय करमत नाही म्हणून राजप्रासाद सोडून सांता मार्ता या अतिथिगृहात राहणे आणि पवित्र गुरुवारची, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारची, मिस्सा (ख्रिस्तयाग) तुरुंगांत जाऊन करणे, याही गोष्टी त्यात आहेत. विश्वपत्रांच्या (पोपने साऱ्या ख्रिस्तसभेला, म्हणजे चर्चला, लिहिलेल्या पत्रांच्या) यादीपेक्षा याच ओळी लोकांच्या लक्षात राहिल्या, आणि लेखकांनाही बहुधा तेच हवे होते.

शेवटी हिशेब येतो. आयुष्य ८८ वर्षे, ४ महिने, ४ दिवस. ख्रिस्तसभेचे नेतृत्व १२ वर्षे, १ महिना, ८ दिवस. वर्ष-महिने-दिवस मोजण्याची ही पद्धत जुनी आहे. आधीचे पोप दुसरे जॉन पॉल (मृत्यू २ एप्रिल २००५) यांच्या बाबतीत २६ वर्षे, ५ महिने, १७ दिवस असा आकडा आला. ते शनिवारी रात्री ९ वाजून ३७ मिनिटांनी गेले. पण उपासनेच्या गणनेत सूर्यास्तानंतर रविवार लागतो, तेव्हा दैवी करुणेच्या, म्हणजे ईस्टरनंतरच्या पहिल्या, रविवारात प्रवेश झाला होता, हेही त्यांच्या रोजितोने आवर्जून टिपले. सोळावे बेनेडिक्ट (मृत्यू ३१ डिसेंबर २०२२) यांचा हिशेब वेगळा झाला. त्यांनी २०१३ मध्ये राजीनामा दिल्यामुळे पोपपदाचे दिवस २८ फेब्रुवारीला थांबतात आणि आयुष्य पुढे जवळजवळ दहा वर्षे चालू राहते.

दस्त लिहिणारे मृताच्या जवळचेच असतात. त्यात कारकिर्दीवरची टीका शोधणे व्यर्थ. ते काम इतिहासकारांचे. स्थानिक आठवणींनाही तिथे जागा नाही. दुसऱ्या जॉन पॉल यांनी इटलीबाहेर १०४ दौरे केले, त्यांतले दोन भारताचे. १९८६च्या दौऱ्यात ते गोवा, मुंबई व पुण्यालाही आले. त्यांनी धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलेल्या १३३८ जणांत श्रीलंकेत काम केलेले गोव्याचे धर्मगुरू जुझे वाझ होते (कोलंबो, १९९५). त्यांनाच २०१५ मध्ये फ्रान्सिस यांनी कोलंबोतच संतपद दिले. गोमंतकीय घरांत या दोन पोपांची आठवण निघते ती बरीचशी या वाटेने. फ्रान्सिस भारतात कधीच आले नाहीत. तरी त्यांच्या निधनावर भारत सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला, आणि त्यांनी २०२२ मध्ये कार्डिनल केलेले गोव्याचे आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव यांनी पुढचा पोप निवडताना मतदान केले.

दफनानंतर रोजितोचे काम संपते व सार्वजनिक स्मरण सुरू होते. अंत्यसंस्काराच्या ख्रिस्तयागापासून सलग नऊ दिवस मृतासाठी मिस्सा होतात. फ्रान्सिस यांच्यासाठी त्या २६ एप्रिल ते ४ मे या काळात झाल्या. त्यांच्या इच्छेनुसार त्यांना रोमच्या सांता मारिया माज्जोरे मंदिरात पुरले असून कबरीवर ‘फ्रान्सिस्कुस’ एवढे एकच नाव आहे. तारखा नाहीत, पद नाही. बाकी सारे आतल्या नळीत.

ती नळी सहसा कोणी पाहत नाही. दुसऱ्या जॉन पॉल यांना २०११ मध्ये धन्यवादित घोषित करताना त्यांची पेटी तळघरातून काढून वर महामंदिरात, संत सेबास्तियनच्या वेदीखाली हलवण्यात आली. पेटी न उघडताच ती दर्शनासाठी ठेवली होती. तळघरातल्या त्यांच्या रिकाम्या जागी जानेवारी २०२३ मध्ये बेनेडिक्ट यांना त्यांच्या रोजितोसह पुरण्यात आले.