चुंबक चिकटलं म्हणजे स्टील खोटं?

खडेबाजारात डबे घ्यायला आलेल्या मावशी फ्रिजवरचं चुंबक सोबत घेऊन येतात. चिकटलं की डबा परत. "लोखंड मिसळलंय हो यात!" बेळगावात काय नि निपाणीत काय, ही परीक्षा सगळीकडे चालते. पण ती चुकीची आहे.

मुळात स्टेनलेस स्टीलमध्ये सगळ्यात जास्त लोखंडच असतं. गंज थोपवतं ते क्रोमियम; त्याच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर पृष्ठभागावर बसतो. ३०४ या ग्रेडच्या स्टेनलेसमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेलमुळे आतली स्फटिकरचना बदलते, म्हणून चुंबक धरत नाही. ४३० मध्ये क्रोमियम १६ ते १८ टक्के, निकेल जवळजवळ नाहीच; चुंबक टपकन चिकटतं. तरी तेही अस्सल स्टेनलेसच. मीठ-आंबटाला ३०४ जास्त टिकतं, हे मात्र खरं.

गंमत पुढे आहे. स्वस्तातल्या २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात. त्यालाही चुंबक चिकटत नाही! म्हणजे मावशींच्या परीक्षेत हे पास, आणि लोणचं भरलं की डाग ३०४ च्या आधी यालाच.

आणि चांगल्या ३०४ च्या खोल डब्याचा कोपरा तपासून बघा. पत्रा साच्यात ताणला जातो तिथे रचना थोडी बदलते, चुंबक हलकंसं ओढतं. इंडक्शनच्या भांड्याचं बूड तर चुंबक धरणारंच लागतं.

चुंबक घरीच ठेवा. बुडाशी ग्रेडचा छाप बघा, आणि तोच आकडा बिलावर लिहून मागा.