गल्लीतल्या रस्त्याच्या बिलाची प्रत मागताना अर्ज नेमका कुठे अडतो

आपल्या गल्लीतल्या रस्त्यावर महानगरपालिकेने किती खर्च केला हे विचारणारे माहिती अधिकाराचे बरेच अर्ज ‘मागितलेली माहिती मोघम स्वरूपाची आहे’ एवढ्या एका वाक्यावर परत येतात. शेजारपाजारच्यांचे असे अर्ज लिहून देताना माझ्या लक्षात आले की अर्जदार कायद्यात कमी पडत नाही. आपल्याला कोणत्या कामाचे कोणते कागद हवेत, हे सांगण्यात तो कमी पडतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार कोणताही भारतीय नागरिक अर्ज करू शकतो आणि कलम ६(२) प्रमाणे त्याला माहिती कशासाठी हवी हे विचारता येत नाही. अर्ज मात्र व्यक्तीच्या नावाने हवा. सोसायटीच्या लेटरहेडवर अध्यक्षांचा शिक्का मारून दिलेले अर्ज ‘अर्जदार नागरिक नाही’ म्हणून नाकारलेले मी पाहिले आहेत. ओळखपत्राची छायाप्रत जोडून टाकावी, म्हणजे खिडकीवरचा वाद तरी टळतो. जोडपत्र ‘अ’ चा नमुना, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, आवक विभागाचा शिक्का आणि पोच, एवढेच बाकीचे सोपस्कार आहेत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण त्याचा पुरावा जोडावा लागतो.

राज्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारणपणे १५० शब्दच असावेत. रस्ता, गटार, पथदिवे आणि उद्यान असे सगळे गाऱ्हाणे एकाच कागदावर मांडणाऱ्यांना पहिल्या विषयापुरतेच उत्तर मिळू शकते आणि बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करावे लागतात. मोठे रस्ते पथ विभागाकडे आणि गल्लीबोळ क्षेत्रीय कार्यालयाकडे अशी विभागणी असल्यामुळे अर्ज चुकीच्या टेबलावर जाण्याची शक्यताही असते. तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याची जबाबदारी कलम ६(३) प्रमाणे कार्यालयाची आहे. ‘आमच्याकडे येत नाही’ असे तोंडी सांगून अर्ज परत देणे हे उत्तर नव्हे.

खरी अडचण कार्यादेश क्रमांकाची, म्हणजे वर्क ऑर्डरच्या नंबराची आहे. तो अर्जदाराकडे जवळजवळ कधीच नसतो आणि त्याच्याशिवाय कारकून कपाट उघडत नाही. कामाच्या जागी लावलेला फलक शाबूत असेल तर त्यावरून कामाचे नेमके नाव आणि ठेकेदार कळतो. महाटेंडर संकेतस्थळावर निविदेचे शीर्षक सापडते. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी अर्थसंकल्पाच्या पुस्तकात पाहता येते. याहून सोपी वाट म्हणजे आधी अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फायली आणि नोंदी, पाहायला जाणे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ स्थानिक कार्यालयांतील अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी ठेवली आहे. ‘आज साहेब साइटवर आहेत’ हे वाक्य तिथे ऐकावे लागेल, तरीही वही घेऊन जावे आणि नस्तीचा (फाइलचा) व कार्यादेशाचा क्रमांक उतरवून आणावा.

शब्दही जपून वापरावा लागतो. ‘रस्त्याचे अंदाजपत्रक द्यावे’ असे लिहिले की पालिकेच्या वार्षिक अर्थसंकल्पाचे एक पान हातात पडते, कारण दोन्हींना अंदाजपत्रकच म्हणतात. म्हणून ‘सदर कामाचे तांत्रिक मान्यताप्राप्त अंदाजपत्रक’ असे लिहावे. त्यासोबत कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, चालू व अंतिम देयके (बिले) आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडल्यास ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, दाखवणारे कागद मागावेत. ‘रस्ता इतका निकृष्ट का झाला?’ असे मुळीच विचारू नये. अभिलेखात अस्तित्वात असलेली माहितीच देणे बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे.

या सगळ्यांत मोजमाप पुस्तिका, कार्यालयाच्या भाषेत ‘एमबी’, सर्वांत बोलकी असते. तिच्यात प्रत्येक तुकड्याची लांबी, रुंदी आणि जाडी लिहिलेली असते. एका गल्लीच्या पुस्तिकेत रुंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत ४.५० मीटर होती. आम्ही टेप लावला तेव्हा विजेच्या डीपीपाशी ती ३.६० भरली. देयकाची नुसती एकूण रक्कम मागितली असती तर हे कधीच दिसले नसते.

मुदतीचा हिशेब सर्वाधिक चुकतो. तीस दिवस अर्ज कार्यालयात पोहोचल्यापासून मोजायचे, अर्जावर लिहिलेल्या तारखेपासून नव्हे. छायाप्रतींचे शुल्क (पानाला दोन रुपये) भरण्याचे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस त्यातून वगळले जातात. हे न कळल्यामुळे काहीजण घाईने अपील करतात आणि ते मुदतपूर्व ठरते. याउलट, तीस दिवस उलटल्यावर शुल्काचे पत्र आले तर कलम ७(६) प्रमाणे माहिती विनामूल्य मिळाली पाहिजे. उत्तरच आले नाही तर मुदत संपल्यापासून तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, म्हणजे अपिलीय अधिकाऱ्याकडे, पहिले अपील करावे लागते. ‘पुढच्या आठवड्यात या’ या आश्वासनावर विसंबून चांगली माणसे हा महिना घालवून बसतात. उशीर माफ होऊ शकतो, पण तो अपिलीय अधिकाऱ्याच्या मर्जीने.

ठेकेदाराची देयके मागितली की ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ म्हणून नकार येतो. कलम ११ मध्ये ठेकेदाराला म्हणणे मांडण्याची संधी आहे आणि त्या स्थितीत निर्णयाची मुदत चाळीस दिवसांची होते. ठेकेदाराने हरकत घेतली म्हणजे माहिती आपोआप गुप्त झाली, असे मात्र त्यात कुठेही म्हटलेले नाही. व्यापारी गुपिताचे कलम ८(१)(घ) पुढे केले गेले तर अपिलात लिहावे की पालिकेच्या तिजोरीतून दिलेल्या रकमेचे आणि मोजलेल्या कामाचे कागद हे गुपित होऊ शकत नाहीत.

पहिल्या अपिलाला वीस रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागतात आणि त्याचा निर्णय तीस, फार तर पंचेचाळीस दिवसांत व्हायला हवा. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. त्याची सुनावणी लवकर लागेल अशी अपेक्षा ठेवू नये, त्यामुळे कागद टिकले पाहिजेत. मूळ अर्जाच्या पोचेवरचा शिक्का पुसट उमटला असेल तर त्याच दिवशी, खिडकी बंद होण्याआधी, दुसरा मारून घ्यावा.