कुत्र्याचे जुलाब: लहान आतड्याचे की मोठ्या आतड्याचे?

कुत्र्याचं पोट बिघडलं की इंदूरच्या मराठी घरात कुणी दहीभात कालवतं, कुणी सहाणेवर जायफळ उगाळतं, कुणी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून इसबगोल आणतं. त्याने कधी गुण येतो, कधी त्रास उलट वाढतो. याचं कारण असं की ‘जुलाब’ या एकाच शब्दात आपण दोन वेगळी दुखणी कोंबतो. एक लहान आतड्याचं आणि दुसरं मोठ्या आतड्याचं. एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला बाधू शकतो. हा फरक ओळखायला तपासणी लागतेच असं नाही, बहुतेक वेळा शी नीट पाहिली तरी कळतो.

लहान आतडं अन्न पचवतं आणि त्यातलं सत्त्व रक्तात घेतं. ते बिघडलं की अर्धवट पचलेलं अन्न पाण्यासकट पुढे ढकललं जातं. म्हणून प्रत्येक वेळी शी भरपूर होते, पातळ होते, पण दिवसातून तीन-चार वेळाच होते. कुत्रा कुंथत नाही आणि दार उघडेपर्यंत बहुधा थांबतो. जोडीला उलटी, पोटात गुडगुड, अन्नावर वासना नसणं हे असू शकतं. आठवडाभर असंच चाललं तर बरगड्या दिसायला लागतात. या भागात रक्त सुटलं तर ते वाटेतच पचतं आणि शी काळी, चिकट, डांबरासारखी होते.

मोठं आतडं उरलेलं पाणी शोषतं आणि शी साठवून ठेवतं. त्याला सूज आली की साठवण जमेनाशी होते. मग चमचाभर शी, पण दिवसातून सहा, आठ, दहा वेळा. कुत्रा एकदा बसतो, उठतो, चार पावलं पुढे जाऊन पुन्हा बसतो आणि कुंथत राहतो. शी शेंबट असते, जिलेटिनसारखा पापुद्रा वर असतो, शेवटी ताज्या लाल रक्ताचे एक-दोन थेंब पडतात. घाई इतकी की शिकवलेला कुत्राही हॉलमध्येच बसतो. त्याबद्दल त्याला रागावू नका, त्याच्या हातात काही नसतं. वजन आणि भूक मात्र सहसा टिकून राहते. लाल रक्त पाहून घरचे घाबरतात आणि काळ्या शीकडे दुर्लक्ष होतं. खरं तर कुत्रा खेळकर असेल तर दोन थेंब लाल रक्तापेक्षा काळी शी जास्त काळजीची.

काळी शी रक्तामुळेच आहे का, याची घरी एक सोपी परीक्षा आहे. लोहाचं टॉनिक किंवा भरपूर कलेजी खाल्ल्यानेही शी काळपट होते. पांढरा टिश्यू पेपर ओला करून त्यावर वाटाण्याएवढी शी ठेवा आणि पाचेक मिनिटं थांबा. कडेने तांबूस वर्तुळ पसरलं तर रक्त धरून चाला. हा नुसता अंदाज आहे. हिरड्याही फिकट दिसत असतील तर वर्तुळ असो वा नसो, डॉक्टर गाठा. आपल्याकडे अशा चित्रामागे बऱ्याचदा आकडेजंत असतात, आणि गोचिडतापातही काळी शी दिसते.

कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठच आहे का?

सगळ्यात महागात पडणारी गफलत इथे होते. मोठ्या आतड्याला सूज आलेला कुत्रा पाठ वाकवून मिनिटभर कुंथतो आणि बाहेर काहीच येत नाही. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, याची शी अडकली आहे. मग एरंडेल पाजलं जातं किंवा दुधात तूप घालून दिलं जातं. एरंडेल आतड्याला आणखी चिडवतं, दूध-तुपाने जुलाब वाढतात, आणि संध्याकाळपर्यंत रक्ताचे दोन थेंब होते तिथे चमचाभर रक्त दिसतं. खऱ्या बद्धकोष्ठात शी कोरडी, कडक, लेंड्यांसारखी असते आणि तिच्या आधी एक-दोन दिवस शी झालेलीच नसते. कुंथणाऱ्या कुत्र्याच्या मागे जाऊन जमिनीवर काय पडलं ते बघा. ओला शेंबट डाग असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हे.

आणि एक. नर कुत्रा कुंथतोय, पण शी नाही आणि लघवीचीही धार येत नाही, थेंबथेंब गळतेय किंवा तेवढीही नाही, तर मूत्रमार्गात खडा अडकलेला असू शकतो. त्याला घरगुती उपाय नाही. त्याच दिवशी, खरं तर त्याच तासाला, दवाखाना.

कशाने होतं

मोठं आतडं बिघडायला ताण पुरतो. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांच्या मिरवणुका, इंदुरात रात्रभर चालतात, ढोल आणि लाऊडस्पीकर पहाटेपर्यंत वाजत असतात. दिवाळीत फटाके. दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्र्याने शेंबट शी केली तर अन्नाला दोष देण्याआधी रात्रीचा विचार करा. घर बदलणं, कुत्र्याला बोर्डिंगला ठेवणं, एका दिवसात डॉग फूड बदलणं, हीसुद्धा नेहमीची कारणं. चाबूकजंतांचं ठाणं याच भागात असतं. त्यांची अंडी प्रत्येक शीत सापडत नाहीत, म्हणून एकदा तपासणी निर्दोष आली तरी डॉक्टर कधी कधी जंताचा पूर्ण कोर्स देतात.

लहान आतड्याच्या मागे गोलजंत, आकडेजंत, विषाणू, शिळं अन्न आणि चरबीचा मारा असतो. इंदुरात शेवेचा पुडा उघडा नाही असं घर विरळा, आणि पाहुणे लाडाने कुत्र्यापुढे मूठ रिकामी करतात. मूठभर शेवेत तेल आणि मीठ किती जातं ते माणसाला जाणवत नाही, १० किलोच्या कुत्र्याला जाणवतं. लसूण शेव आणि कांद्याची कचोरी तर मुळीच नको. कांदा-लसणामुळे कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि त्याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, तोवर काय खाल्लं होतं ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. तेलकट खाल्ल्यानंतर कुत्रा सारखा उलट्या करत असेल आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरत असेल, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. अशा वेळी घरी वाट पाहू नये.

लहान आतड्याला काय द्यावं

सूत्र एकच: पचायला सोपं, चरबी जवळजवळ नाही आणि चोथा कमी. मोठा कुत्रा उलट्या करत असेल तर ८ ते १२ तास पोटाला विश्रांती द्यायला हरकत नाही, पाणी मात्र काढून घेऊ नका. पिल्लांना आणि पगपेक्षा लहान जातींना उपास घडवू नका, त्यांच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. उलटी नसेल तर मोठ्यांनाही उपाशी ठेवायची गरज नाही, कारण आतड्याच्या अस्तराचं पोषण बरंचसं समोरून जाणाऱ्या अन्नावरच होतं.

१० किलोच्या कुत्र्याला दिवसभरात २०० ग्रॅम शिजलेला भात आणि ८० ग्रॅम कातडीविना उकडलेलं चिकन पुरतं. त्याचे चार भाग करा, म्हणजे एका वेळी साधारण ५० ग्रॅम भात आणि २० ग्रॅम चिकन. भात नेहमीपेक्षा दुप्पट पाण्यात गिचका शिजवा. मीठ, हळद, हिंग, फोडणी काही नाही. चिकन उकडलेलं पाणी गार करून वर जमलेली चरबी काढली तर तेच पाणी भातावर घालता येतं, फक्त ते उकडताना कांदा-लसूण पडलेला नसावा.

शाकाहारी घरात साय काढलेल्या दुधाचं पनीर घरी करा, फडक्यात घट्ट पिळून पाणी काढून टाका आणि चिकनच्या जागी तेवढ्याच वजनाचं द्या. पाण्याबरोबर दुधातली बरीच साखर निघून जाते. मुगाची सालविरहित डाळ चालते, पण भाताच्या चौथाईपेक्षा जास्त नको, गॅस होतो. चण्याची आणि उडदाची डाळ टाळा.

दह्याचं काय? लहान आतड्याचं अस्तर सुजलेलं असताना दुधातली साखर पचवणारं पाचक द्रव्य कमी पडतं, म्हणून पहिले दोन दिवस दहीसुद्धा नको आणि दूध तर अजिबात नको. इसबगोलही इथे पहिली निवड नाही. सत्त्व शोषलं जात नाही हीच तक्रार असताना चोथा वाढवून काही साधत नाही.

पाण्याकडे मात्र सतत लक्ष हवं. १० किलोच्या निरोगी कुत्र्यालाही दिवसाला अर्धा लिटरच्या वर पाणी लागतं, जुलाबात त्याहून जास्त. ओआरएसची साधी पुडी पाकिटावर लिहिलेल्या पूर्ण मापाच्या पाण्यात विरघळवून तासातासाला थोडं पुढे ठेवा, शेजारी साध्या पाण्याचं भांडंही असू द्या. जबड्यात ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. ‘शुगर फ्री’ लिहिलेलं कुठलंही पेय नको. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोडवा) असेल तर ते कुत्र्याला विषासमान आहे.

मोठ्या आतड्याला काय द्यावं

इथे इसबगोलाची खरी जागा आहे. आपल्या माळव्यात नीमच-मंदसौरच्या मंड्यांमधून त्याचा मोठा व्यापार होतो, ताजी भुशी सहज मिळते. भुशी पाणी धरून लगदा बनते, त्यामुळे पातळ शीला आकार येतो. शिवाय मोठ्या आतड्यातले जिवाणू ती काही प्रमाणात आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर तिथल्या पेशी पोसल्या जातात. म्हणजे हा उपाय आतड्याच्या त्याच भागाला खाऊ घालतो जो दुखतोय.

१० किलोच्या कुत्र्याला एका वेळी लहान चमचाभर भुशी, दिवसातून दोनदा. आधी पाव वाटी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजू द्या, मगच भातात कालवा. कोरडी भुशी अन्नावर भुरभुरली तर ती घशात फुगते, शिवाय पाणी कमी पडल्यास उलट शी अडकते. पहिल्या दिवशी अर्ध्या चमच्याने सुरुवात केली तर गॅस कमी होतो. संत्र्याच्या चवीची किंवा साखरविरहित गोडवा घातलेली भुशी नको, साधीच घ्या.

लाल भोपळ्याचा बोलबाला सध्या फार आहे. साल-बिया काढून, नुसता वाफवून, कुस्करून १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला दोन-तीन मोठे चमचे द्यावा, वाईट काहीच नाही. पण उकडलेल्या भोपळ्यात पाणीच जास्त. दोन मोठ्या चमच्यांत चोथा अर्धा ग्रॅमही भरत नाही, तर एक लहान चमचा भुशी बरीचशी चोथाच असते. दोन दिवस भोपळा देऊन शेंब कमी होत नसेल तर भोपळा वाढवत बसू नका, भुशीकडे वळा.

दही इथे चालतं. बिनमीठ, ताजं, फार आंबट न झालेलं, एक-दोन मोठे चमचे. जेवणाचा मूळ भाग वरचाच: भात आणि चिकन किंवा पनीर. बऱ्याच कुत्र्यांना तीन-चार दिवसांत आराम पडतो.

जायफळ, डाळिंबाची साल, बेलाचा मुरंबा

जायफळातलं मायरिस्टिसिन कुत्र्याला बाधतं. जास्त झालं तर अस्वस्थपणा, धडधड, तोल जाणं दिसतं. सहाणेवरच्या एका वळशाने असं होणार नाही, पण कुत्र्यासाठी ‘किती वळसे’ याचं भरवशाचं माप नाही. मग धोका पत्करायचा कशाला? डाळिंबाच्या सालीतल्या तुरट द्रव्याने कुत्र्याला उलटी होऊ शकते, आणि मुरंब्यात साखर इतकी असते की तीच पाणी ओढून शी पातळ करते. माणसांच्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्याही स्वतःहून देऊ नका. कॉलीसारख्या काही जातींत त्या मेंदूपर्यंत पोचतात, आणि जंतूंचं विष बाहेर पडत असताना आतडं बंद करणं कुठल्याच जातीला बरं नाही.

घरी थांबायचं नाही तेव्हा

लसीकरण पूर्ण न झालेलं, सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू उलट्या आणि उग्र वासाची रक्ताळ शी करत असेल तर पार्वो (विषाणूने होणारा जीवघेणा आजार) समजून तासाभरात निघा. भातापाण्याने तो आटोक्यात येत नाही, सलाइन लागतं. मोठ्या कुत्र्यातही अचानक रक्ताचा पातळ लगदा पडायला लागला, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला किंवा कुत्रा उठेनासा झाला तर थांबू नका. खांद्यावरची कातडी चिमटीत वर उचलून सोडा: ती लगेच खाली न बसता तंबूसारखी उभी राहिली, किंवा हिरड्या बोटाला चिकट लागल्या, तर अंगातलं पाणी बरंच कमी झालं आहे. एरवीही ४८ तासांत उतार नसेल, किंवा तीन आठवड्यांपासून जुलाब कमी-जास्त होत असतील, तर तपासणीशिवाय पुढचा उपाय करू नये.

दवाखान्यात जाताना शी सोबत न्या. लिंबाएवढी, ताजी, मातीत न मळलेली, कोरड्या झाकणाच्या डबीत. लगेच निघता येत नसेल तर डबी पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि २४ तासांच्या आत पोचवा. जिआर्डियाची (आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीची) शंका असेल तर वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने लागतात. आणि डॉक्टरांना ‘लूज मोशन आहे’ एवढंच सांगू नका. दिवसातून किती वेळा, एका वेळी किती, शेंब आहे का, रक्त लाल की काळं, कुंथतो का, वजन किती उतरलं, आणि शेवटची जंताची गोळी कधी दिली, हे एका कागदावर लिहून न्या.