ईश्वरेच्छेला समर्पण (ख्रिस्ती प्रार्थनाविचार)

आपले मागणे देवापुढे मांडायचे आणि अखेरचा निर्णय त्याच्यावर सोपवायचा, ही ख्रिस्ती प्रार्थनेतील एक मूलभूत वृत्ती. तिचे सर्वपरिचित शब्दरूप म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेतील तिसरी विनंती : ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ (मत्तय ६:१०). उपासनेत, आजाऱ्याच्या उशाशी, अंत्यविधीत हे शब्द म्हटले जातात आणि बहुधा ‘जे वाट्याला येईल ते सोसू’ अशा अर्थाने घेतले जातात. मूळ वाक्यात एवढाच अर्थ आहे का, हा प्रश्न मात्र निदान तिसऱ्या शतकापासून चर्चेत आहे. प्रार्थना आणि ईश्वरेच्छा यांच्या संबंधाविषयीचा बराचसा ख्रिस्ती विचार या एका वाक्यावरच्या भाष्यांतून वाढला.

ही विनंती मत्तयाच्या शुभवर्तमानातील (येशूच्या चरित्रातील) पाठात आहे. लूकच्या शुभवर्तमानातील (११:२–४) सर्वांत जुन्या पाठात ती नसावी. तिसऱ्या शतकातील एक पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरील प्रत) आणि चौथ्या शतकातील व्हॅटिकन हस्तलिखित यांत ती आढळत नाही. जवळपास त्याच काळातील सिनाई हस्तलिखितात ती आहे आणि नंतरच्या बहुसंख्य प्रतींतही आहे. नकलकारांना मत्तयाचा पाठ तोंडपाठ असल्याने लूकची प्रत उतरवतानाही तीच ओळ हातून लिहिली गेली, हे स्पष्टीकरण आज सामान्यतः स्वीकारले जाते. मग मूळ प्रार्थनेत ही ओळ होती का? सामुदायिक उपासनेत प्रार्थना वाढत गेली आणि मत्तयाने ते वाढलेले रूप नोंदवले, असा एक पक्ष आहे. येशूने ती एकाहून अधिक रूपांत शिकवली असावी, असा दुसरा. पहिल्या पक्षाकडे अभ्यासकांचा कल अधिक दिसतो. पण शब्दयोजनेत काही ठिकाणी मत्तयच अधिक जुना वाटतो, त्यामुळे ‘छोटे ते जुने’ हा नियम येथे सरसकट लावता येत नाही. ‘दिदाखे’ या आद्य ख्रिस्ती नियमपुस्तिकेत (बहुधा पहिल्या शतकाचा शेवट किंवा दुसऱ्याचा आरंभ, काहींच्या मते त्याहून आधीची) मत्तयाशी मिळताजुळता पाठ असून तो दिवसातून तीनदा म्हणावा असे सांगितले आहे. उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियनने (इ. स. सु. २००) प्रार्थनेवरील आपल्या पुस्तकात ‘तुझी इच्छा’ ही विनंती ‘तुझे राज्य’ या विनंतीच्या आधी घेतली आहे. त्याच्यापुढे पाठच तसा होता की विवेचनाच्या सोयीसाठी त्याने क्रम फिरवला, हे ठरलेले नाही.

खरी अडचण क्रियापदाची आहे. ग्रीक ‘गेनेथेतो’ हे ‘होणे’ या धातूचे तृतीयपुरुषी आज्ञार्थी रूप. करणारा कोण, हे ते सांगत नाही. देवाने आपली इच्छा पूर्ण करावी, माणसांनी ती पाळावी, किंवा जे घडते ते आम्ही स्वीकारावे, असे तिन्ही अर्थ त्यातून निघू शकतात. मराठी ‘होवो’ने ही संदिग्धता चांगली टिकवली आहे. मात्र ग्रीकमध्ये ‘तुझी इच्छा’ हा वाक्याचा कर्ता आहे. मराठीत ‘तुझी इच्छा होवो’ म्हटले तर ‘तुला तसे वाटू लागो’ असा भलताच अर्थ होतो, म्हणून भाषांतरकारांना ‘इच्छेप्रमाणे’ घ्यावे लागले. या अपरिहार्य बदलाने वाक्य थोडे मऊ झाले आणि ‘तू म्हणशील तसे’ या संमतीच्या बाजूला झुकले, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवलेले बरे. लॅटिनमध्ये आणखी एक गोष्ट घडली. येशूच्या जन्माची वार्ता आणणाऱ्या देवदूताला त्याची आई मरिया हिने दिलेल्या होकारात (लूक १:३८) ग्रीक क्रियापदाचे रूप वेगळे, इच्छार्थी आहे. लॅटिनने दोन्हीकडे ‘फियात’ हाच शब्द वापरला. पश्चिमी भक्तिपरंपरेत मरियेची संमती आणि प्रभूची प्रार्थना एकमेकींत इतक्या मिसळल्या, त्याला या शब्दैक्याचाही हातभार असावा.

कार्थेजचा बिशप सिप्रियन (मृ. २५८) याने या विनंतीचा अर्थ नेमका पकडला. देवाने स्वतःला हवे ते करावे अशी ही प्रार्थना नाही, त्याला कोण अडवणार. देवाला हवे ते आपल्या हातून घडावे यासाठी ही प्रार्थना आहे, असे तो म्हणतो. स्वर्ग आणि पृथ्वी यांचा अर्थ तो आत्मा आणि देह, तसेच विश्वासणारे आणि अद्याप विश्वास न ठेवणारे असा लावतो. म्हणजे ही विनंती त्याच्या लेखी सहन करण्याची कमी आणि बदल घडण्याची अधिक आहे. पुढे धर्मपंडित ऑगस्टीनने आयुष्याच्या अखेरीस, माणूस स्वबळावर चांगला वागतो की देवाच्या कृपेने, या वादात हेच विवेचन हाताशी घेतले : देवाची इच्छा पाळण्याचे बळही जर मागूनच मिळवायचे, तर ते माणसाचे स्वतःचे नव्हे. सिप्रियनचा अर्थ मूळ शब्दांना सर्वांत जवळचा वाटतो. तरी लोकभक्तीत तो कधीच पूर्णपणे रुजला नाही.

समर्पणाचा आदर्श म्हणून सर्व संप्रदाय येशूच्या अटकेआधीच्या रात्रीच्या, गेथशेमाने बागेतील प्रसंगाकडे बोट दाखवतात. मत्तयाच्या कथनात येशू तीनदा प्रार्थना करतो. पहिल्या वेळी (२६:३९) शक्य असल्यास हा (दुःखाचा) प्याला टळावा, ही विनंती आधी येते आणि समर्पण ‘तथापि’ म्हणून तिच्या मागून. दुसऱ्या वेळी (२६:४२) वाक्याची घडण बदलते : प्यायल्यावाचून हा टळणार नसेल, तर तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. येथील ग्रीक शब्द प्रभूच्या प्रार्थनेतील शब्दांशी अक्षरशः जुळतात. मार्क (१४:३६) आणि लूक (२२:४२) यांत आशय तोच असला तरी शब्द निराळे आहेत, त्यामुळे ही जुळणी मत्तयाने जाणूनबुजून साधली असावी. तिसऱ्या वेळी त्याने पुन्हा तेच म्हटले, एवढे सांगून मत्तय पुढे जातो. समर्पण येथे मागण्याच्या जागी आलेले नाही. मागून झाल्यावर, दोन पावलांत आले आहे. लूकमधील देवदूताच्या आणि रक्तासारख्या घामाच्या ओळी (२२:४३–४४) मूळच्या आहेत का, याविषयी एकमत नाही. सिनाई हस्तलिखितात त्या आहेत. एका दुरुस्ती करणाऱ्याने त्या वगळाव्यात अशा खुणा केल्या आणि नंतरच्या दुसऱ्याने त्या खुणाच रद्द केल्या. देवपुत्राने इतके व्याकूळ व्हावे, हे काहींना खटकत होते असे दिसते.

याच प्रसंगावरून सातव्या शतकात मोठा वाद पेटला. ख्रिस्त देव आणि मनुष्य दोन्ही मानला जातो, मग ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ म्हणणाऱ्या ख्रिस्ताला स्वतःची मानवी इच्छा होती का? कॉन्स्टँटिनोपलचा धर्माध्यक्ष सर्जियस आणि त्याचा पक्ष ख्रिस्तात एकच इच्छा मानू लागला. दोन इच्छा म्हटल्या की त्या एकमेकींविरुद्ध उभ्या राहतील, ही त्यांची भीती होती. दुरावलेल्या पौर्वात्य मंडळ्यांना जवळ आणण्याचा राजकीय हेतूही त्यामागे होता. सम्राट हेराक्लियसने ६३८ मध्ये हे मत जाहीरनाम्याने लागू केले. दहा वर्षांनी कॉन्स्टान्स दुसरा याने एक इच्छा की दोन, ही चर्चाच बंद करण्याचा हुकूम काढला. या मताला खरा विरोध मॅक्सिमस (सु. ५८०–६६२) या संन्याशाचा. त्याचा युक्तिवाद गेथशेमानेवरच उभा आहे. ‘माझी नको, तुझी’ हे वाक्य केवळ दैवी इच्छेचे असू शकत नाही, कारण पुत्राची आणि पित्याची दैवी इच्छा एकच आहे. मग हे बोलणारा मनुष्य म्हणूनच बोलतो आहे. शिवाय त्या वाक्यात त्याला विरोध दिसत नाही, पूर्ण जुळणी दिसते. मरणाला घाबरणे हा मानवी स्वभाव आहे, पाप नव्हे. ती भीती बाळगूनही मानवी इच्छा देवाच्या इच्छेशी मुक्तपणे एकरूप झाली, आणि माणसाची सुटका तेथेच आहे. स्वतःची इच्छाच नसती तर ती अर्पण करण्याला अर्थ उरला नसता. या मतापायी मॅक्सिमसवर खटले चालले. परंपरेनुसार त्याची जीभ आणि उजवा हात छाटण्यात आला, आणि हद्दपारीत तो मरण पावला. ६८०–८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या तिसऱ्या परिषदेने ख्रिस्तात दोन नैसर्गिक इच्छा असून मानवी इच्छा दैवी इच्छेला विरोध न करता तिच्यामागून चालते, असा निर्णय दिला. मॅक्सिमसचे नाव त्या निर्णयात नाही.

देवाची इच्छा ठरलेलीच असेल तर मागायचे कशाला, हा प्रश्न ग्रीक धर्मपंडित ओरिजेनने प्रार्थनेवरील ग्रंथात (सु. २३३) स्वतःच उपस्थित केला. सूर्य उगवावा म्हणून प्रार्थना करणारा मूर्ख, कारण तो उगवणारच. मग इतर प्रार्थनांचे काय? त्याचे उत्तर असे की माणसाच्या स्वतंत्र निवडी देवाला आधीच ठाऊक असतात, त्यांत त्याच्या प्रार्थनाही आल्या, आणि जगाची मांडणी त्या धरूनच झालेली असते. धर्मपंडित थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात हेच सूत्र आटोपशीर केले : आपण देवाची योजना बदलण्यासाठी मागत नाही, मागितल्यानेच मिळावे असे त्याने जे ठरवले आहे, ते मिळवण्यासाठी मागतो. तर्क म्हणून हे नेटके आहे. पण न्यायाधीशाकडे चिकाटीने दाद मागणाऱ्या विधवेचा दृष्टान्त (लूक १८:१–८) वाचताना ते पुरेसे वाटत नाही, आणि मिळालेच आहे असा विश्वास धरून मागा (मार्क ११:२४) हे वचन तर सरळ उलट्या दिशेला ओढते. या ओढाताणीत भाष्यकार सहसा पौलाचा आधार घेतात : शरीरातील काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा गेला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढे उत्तर मिळाले (२ करिंथ १२:८–९). तो काटा म्हणजे नेमके काय, यावर पुष्कळ तर्क झाले आहेत. त्यांतून फारसे काही हाती लागत नाही.

देवाची इच्छा एकाच अर्थाने घेतली की गोंधळ होतो, म्हणून मध्ययुगीन विद्वानांनी तिचे दोन प्रकार मानले : आज्ञा, निषेध, उपदेश यांतून कळवलेली इच्छा आणि प्रत्यक्ष घटनांतून प्रकट होणारी इच्छा. पहिली पाळायची, दुसरी स्वीकारायची. बिशप फ्रान्सिस द सालने १६१६ च्या आपल्या ग्रंथात या भेदावर समर्पणाची सबंध मांडणी उभी केली. त्याचा एक दाखला प्रसिद्ध आहे. एक निष्णात वादक बहिरा होतो. स्वतःच्या वीणेचा सूर त्याला ऐकू येत नाही, पण राजाला आवडते म्हणून तो गात-वाजवत राहतो. मग एके दिवशी राजा त्याला गायला सांगून शिकारीला निघून जातो. आता ऐकणाराही नाही, आणि वादक गातोच आहे.

हा वादक पुढच्या पिढीत कुठवर पोचला, हे क्वाएटिझम किंवा निश्चलतावाद (मनाने निष्क्रिय राहून सारे देवावर सोडावे, हे मत) या पंथाच्या इतिहासात दिसते. स्पॅनिश धर्मगुरू मिगेल द मोलिनोस याची साधनपुस्तिका १६७५ मध्ये रोममध्ये प्रसिद्ध झाली आणि चांगलीच खपली. १६८५ मध्ये त्याला अटक झाली, आणि १६८७ मध्ये पोप इनोसंट अकरावा याने त्याची म्हणून ६८ विधाने धिक्कारली. त्यांतील चौदावे विधान येथे महत्त्वाचे : देवाच्या इच्छेला समर्पित झालेल्याने देवाकडे काहीही मागणे योग्य नाही, कारण मागणे ही स्वतःच्या इच्छेची कृती, म्हणून अपूर्णता. प्रभूची प्रार्थना ही सगळी मागण्यांचीच बनलेली असल्याने हे मत चर्चला झेपणारे नव्हते. ही विधाने मोलिनोसच्या छापील पुस्तकात त्याच शब्दांत सापडत नाहीत. ती बरीचशी त्याच्या पत्रांवर आणि खटल्यातील साक्षींवर आधारलेली आहेत. त्यामुळे धिक्कारलेली शिकवण आणि मोलिनोस यांत फरक करणे सावधपणाचे ठरेल. फ्रान्समध्ये हाच वाद मादाम ग्युयाँ या गूढवादी लेखिकेवरून बोस्युए आणि फेनेलाँ या दोन बिशपांमध्ये झाला. देवाची इच्छाच असेल तर आत्मा स्वतःच्या तारणाविषयीही उदासीन राहू शकतो का, हा त्यातला कळीचा मुद्दा. १६९९ मध्ये रोमने फेनेलाँच्या पुस्तकातील २३ विधाने धिक्कारली आणि त्याने तो निर्णय जाहीरपणे मान्य केला. समर्पणावर लिहिणाऱ्याच्या वाट्याला स्वतःच्याच विषयाची अशी परीक्षा क्वचित येते. ‘ईश्वरी योजनेला स्वतःला सोपवणे’ या विषयावरचे कोसाद (मृ. १७५१) या जेझुइटाच्या नावाने १८६१ मध्ये छापलेले पुस्तक याच वळणाचे, ते खरोखर त्याचे आहे का, याविषयी अलीकडे गंभीर शंका घेतल्या जातात.

प्रॉटेस्टंट परंपरेत ल्यूथरने १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीत सिप्रियनचाच सूर लावला : देवाची इच्छा आमच्या प्रार्थनेवाचूनही पूर्ण होते, पण ती आमच्यातही पूर्ण व्हावी म्हणून आम्ही मागतो. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्लीने ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमध्ये पहिली करार-उपासना (देवाला स्वतःला वाहून घेण्याचे वचन देण्याची उपासना) घेतली. जुन्या प्युरिटन लिखाणातून घेतलेल्या त्या कराराला सुमारे १,८०० लोक उभे राहिल्याची नोंद त्याच्या दैनंदिनीत आहे. मेथडिस्टांत आज रूढ असलेल्या करार-प्रार्थनेत ‘मला कामाला लाव’ आणि ‘मला सोसायला लाव’ ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी येतात. फार आधीच्या, इजिप्तच्या वाळवंटातील संन्याशांपैकी मॅकारियसची (चौथे शतक) शिकवण याहून थोडक्यात आहे : हात पसरावेत आणि ‘प्रभो, तुझ्या इच्छेप्रमाणे, तुला ठाऊक आहे तसे, दया कर’ एवढेच म्हणावे.

विसाव्या शतकात सर्वाधिक पसरलेली या विषयावरची प्रार्थना बदलता न येणारे स्वीकारण्याची शांती, बदलता येणारे बदलण्याचे धैर्य आणि दोहोंतला भेद ओळखण्याची बुद्धी मागते. मद्यमुक्तीच्या गटांमुळे ती घराघरांत पोचली. तिचे कर्तृत्व बराच काळ वादग्रस्त होते. जर्मनीत ती अठराव्या शतकातील धर्मपंडित एटिंगर याच्या नावावर चालली, कारण एका जर्मन प्राध्यापकाने त्याच नावाच्या टोपणनावाने ती छापली होती. आता अमेरिकी धर्मचिंतक राइनहोल्ड नीबर (१८९२–१९७१) हाच तिचा कर्ता असल्याचे सामान्यतः मान्य झाले आहे. १९३३ मधील तिच्या एका जुन्या छापील पाठात मागण्यांचा क्रम आजच्यापेक्षा निराळा आहे : धैर्य आधी, शांती नंतर.