जुन्या प्लास्टिक मॉडेलवरील रंग उतरवताना

जुने मॉडेल नव्याने रंगवण्यापूर्वी त्यावरील रंग उतरवावा का, असे ग्राहक आम्हाला नेहमी विचारतात. जुना थर पातळ व घट्ट असेल तर त्यावरच प्रायमर मारलेला बरा. पण रंगाखाली पॅनेलच्या रेषा (पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेषा) आणि रिव्हेट बुजून गेले असतील, तर तो उतरवावाच लागतो.

बहुतेक किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात आणि हे प्लास्टिक अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर व लॅकर थिनर यांत विरघळते. त्यामुळे या द्रावणांनी रंग कितीही झटपट निघत असला, तरी ती मॉडेलला मुळीच लावू नयेत. उकळते पाणीही टाळावे, कारण त्याने पातळ भाग वाकतात.

आधी रंग ओळखावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी मॉडेलच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी घासावी. कापसावर रंग सहज उतरला, तर तो बहुधा अ‍ॅक्रिलिक (सहसा पाण्यात मिसळणारा रंग) असतो. असे भाग झाकणाच्या डब्यात त्याच अल्कोहोलमध्ये भिजत ठेवून मऊ टूथब्रशने घासावेत. मेडिकलमध्ये मिळणारे ७० टक्क्यांचे अल्कोहोल चालते, मात्र ९९ टक्क्यांचे लवकर काम करते. ते चटकन पेट घेते, म्हणून गॅस किंवा देवघरातील दिवा जवळ नसावा आणि खिडक्या उघड्या असाव्यात.

इनॅमल, म्हणजे तेलकट, रंग अल्कोहोलला सहसा दाद देत नाही. त्यासाठी गाडीचे ब्रेक ऑइल वापरतात. ते ग्लायकॉलयुक्त, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचे असावे, कारण सिलिकोनयुक्त डॉट ५ इथे उपयोगाचे नाही. हातमोजे घालावेत, भाग अधूनमधून बाहेर काढून पाहावेत आणि रंग सुटताच साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत. वापरलेले ऑइल मोरीत ओतू नये.

क्रोमचा चकचकीत मुलामा घरगुती ब्लीचने निघतो. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अल्कोहोल कधीही मिसळू नये. त्यातून विषारी पदार्थ तयार होतात.

विमानाची कॅनॉपी (वैमानिकाच्या जागेवरचे पारदर्शक झाकण) व इतर पारदर्शक भाग आधी वेगळे करावेत, कारण द्रावणाने त्यांना बारीक तडे जाऊ शकतात. प्लास्टिक सिमेंटचे (मॉडेल जोडण्याच्या गोंदाचे) सांधे वितळून एकजीव झालेले असल्याने सहसा टिकतात, सुपरग्लूचे मात्र सुटू शकतात आणि पुट्टीही मऊ पडू शकते. खोबणीत रंगाचा कण राहिला म्हणून तिथे सुरी चालवू नये. कोरलेला तपशील एकदा गेला की परत येत नाही, आणि तेवढा कण प्रायमरखाली झाकला जातो.

रंग ओळखता येत नसल्यास मॉडेल दुकानात आणावे. ही चाचणी आम्ही विनामूल्य करून देतो.